शेवटच्या गॅलीची माळ

पंडितबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सलाम केला आणि एका दमात काम सांगून टाकलं. आमच्या घरची गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा मातीचा देखावा, यंदा संडे स्कूलच्या कार्यक्रमाला मिळेल का, हे त्यांना विचारायचं होतं.

“तुम्ही काही या वर्षी मांडणार नाही, म्हणून म्हटलं,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटत असेल तर राहू दे, एस्तेर.”

“न्या,” मी म्हटलं. “वाईट वाटायला वेळ कुणाला आहे?”

त्यांचा चेहरा उतरला. माझं बोलणं लागलंच असणार. पण दवाखान्यात सकाळची ड्यूटी करून मी नुकती घरात शिरले होते, पाय धुवायचे राहिले होते आणि गोड बोलण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं. उद्या दुपारी येऊन नेईन म्हणाल्या आणि गेल्या. सत्याऐंशी सालच्या डिसेंबरची तेवीस तारीख होती.

नगरच्या आमच्या वस्तीत एक रीत होती. वर्षभरात ज्या घरात कुणी वारलं असेल, त्या घरावर त्या नाताळात तारा लागत नसे. कॅरलवाले गल्लीतून गात यायचे आणि बिनताऱ्याचं घर आलं की गाणं थांबवून, पेटीचा भाता मिटून, चुपचाप पुढे जायचे. आई फेब्रुवारीत गेली. त्यामुळे यंदा तारा नाही, माळा नाहीत, करंज्या नाहीत. खरं सांगायचं तर मला या रीतीचं बरंच वाटत होतं. काविळीच्या साथीनं वॉर्ड भरलेला, दोन नर्सा रजेवर, आणि घरी पपा. एवढं मला पुरेसं होतं.

पपा, म्हणजे भास्कर उजागरे, एका छापखान्यात एकोणतीस वर्षं प्रूफं तपासत होते. आई गेल्यापासून ते कामावर गेले नव्हते, चष्मा बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला होता. पेपरसुद्धा वाचत नव्हते. सकाळी चहा, दुपारी दोन घास, आणि संध्याकाळची भाकरी ताटात तशीच. मी ती झाकून ठेवायची आणि सकाळी गल्लीतल्या कुत्र्यासमोर टाकायची. वजन अकरा किलोनं उतरलं होतं. दवाखान्याच्या काट्यावर मीच त्यांना उभं केलं होतं, म्हणून आकडा पक्का ठाऊक. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टात काही नाही, त्यांना जेवायचंच नाहीये. असंच चाललं तर पुढचा नाताळ ते बघणार नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं.

“पपा, गव्हाण पंडितबाईंना देतेय,” मी मागच्या पडवीत जाऊन सांगितलं.

“दे.”

मी आत येऊन पाय धुतले.

पूर्वी आमच्याकडचा डिसेंबर असा नसायचा. छापखान्यात जुळवलेल्या मजकुराचा पहिला छाप लांब, अरुंद कागदावर काढतात, त्याला गॅली म्हणतात. एक बाजू छापील, दुसरी कोरी. तपासून झालेल्या रद्दी गॅल्या पपा घरी आणायचे आणि आई त्यांच्या माळा करायची. आडव्या पट्ट्या कापायच्या, कोऱ्या बाजूला खायच्या लाल-हिरव्या रंगाचा हात फिरवायचा, छापील बाजू आत ठेवून कडी वळवायची आणि कडीत कडी अडकवत जायचं. शेजारीपाजारी बाजारातून चकचकीत माळा आणायचे. आमच्या माळांच्या आत बघितलं तर कुठे सहकारी संस्थेचा अहवाल, कुठे कुणाच्या लग्नाची पत्रिका.

आम्ही कापत असताना पपा वाचायचे. दर डिसेंबरला एक पुस्तक, रोज संध्याकाळी थोडं थोडं, आणि शेवट बरोबर चोवीस तारखेला. घरात नियम होता, वाचणारा कापत नाही आणि कापणारा बोलत नाही. आई चौथीपर्यंत शिकलेली. स्वतः वाचायची तेव्हा ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. पपांचं वाचन ऐकताना मात्र तिची कात्री मध्येच थांबायची, आणि त्यावरून गोष्ट कुठे रंगली ते मला कळायचं.

पपांच्या कानावर कायम पेन्सिल. नजर अशी की घरातही चुका काढल्याशिवाय राहवत नसे. ताऱ्याचा डावा कोपरा अर्धा इंच वर घे, ही माळ मध्ये फार झुकली, त्या करंजीला मुरड नीट नाही. प्रूफ तपासताना एखादी खूण चुकून केली, मजकूर मुळात बरोबरच होता, तर त्या शब्दांखाली ठिपके द्यायचे. म्हणजे आहे तसं राहू द्या. ही खूण आईलाही माहीत होती.

“अहो, कधीतरी माझ्याही कामाखाली ठिपके द्या की,” ती म्हणायची.

“चूक नसली तर देईन,” पपा म्हणायचे. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी दिले नव्हते.

आदल्या वर्षीचं पुस्तक जरा वेगळं होतं. मुळात ते पुस्तक झालंच नव्हतं. एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी कादंबरी लिहून छापायला दिली आणि गॅल्या निघाल्यावर ते वारले. मुलांना त्यात रस नव्हता. हस्तलिखित कुठे गेलं कळलं नाही, अक्षरांचे जुळवलेले खिळे सुटे करून परत खणांत टाकले. उरल्या त्या पपांनी घरी आणलेल्या चाळीस गॅल्या. घुंगरांचा भाला घेऊन घाटातून पायी डाक नेणाऱ्या रामजीची आणि त्याच्या बायकोची, भागूची गोष्ट होती. पपांनी ती तपासताना वाचलेली. म्हणाले, एवढ्या वर्षांत इतकं चांगलं काही हाताखालून गेलं नाही.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी शेवटची गॅली सापडेना.

खाटेखाली बघितलं, ट्रंकांमागे बघितलं. पपा आईकडे वळले. सकाळी बंब तिनंच पेटवला होता आणि पेटवायला रद्दी लागायची.

“जाळलीस तू.”

“मी नाही जाळली. मी तुमच्या कागदांना हात तरी लावते का?”

“मग पाय फुटले तिला?”

आई पुन्हा म्हणाली, नाही जाळली. पपांनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, “बरं, मला नुसता शेवट सांगा. रामजी येतो का परत?”

“जाळलीस ना?” पपा म्हणाले. “आता राख वाच.”

ते तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण शेवट सांगितला नाही. मी त्या भांडणात पडलेच नाही. तेव्हाही काविळीचीच साथ होती, डबल ड्यूट्या चालल्या होत्या, आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही म्हणजे निदान शांत झोपता येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मला माझी आता लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला आई मेथी निवडता निवडता कलंडली. मी ड्यूटीवरून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तर यंदाच्या तेवीस तारखेला संध्याकाळी मी माळ्यावरून नाताळची पेटी काढली. गव्हाणीतली मातीची मेंढरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ हे सगळं आई जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवायची. माळा मात्र ठेवत नसे. दरवर्षी सहा जानेवारीला उतरवून बंबात टाकायची. म्हणून सगळ्यात वर उशीच्या जुन्या अभ्र्याची घडी दिसली तेव्हा मला कळेना हे काय आहे. उघडली.

अभ्र्यावर कागदाच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. एकाखाली एक, वीस-बावीस पट्ट्या, छापील बाजू वर, प्रत्येकीला कडेनं बारीक धावदोरा. कापताना मधूनच चिरलेल्या ओळी तिनं एकमेकींना भिडवून बसवल्या होत्या. कागदामागचा लाल रंग अक्षरांतून वर उमटला होता. मी पहिली ओळ वाचली. रामजीनं भाल्याचे घुंगरू वाजू नयेत म्हणून मुठीत धरले होते.

आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे होते. दवाखान्यात जखमेच्या कापसावर लावतात ती चिकटपट्टी.

मी तिथेच जमिनीवर बसले. खळ संपली म्हणून मागच्या डिसेंबरात मी एका संध्याकाळी ती पट्टी पर्समधून काढली होती. सकाळ आणि दुपार दोन्ही ड्यूट्या करून आले होते. आई म्हणाली, झोप जा, मी म्हटलं, एवढी माळ करते आणि झोपते. खाटेवर कागदांचे दोन ढीग होते, एक कापायचा, एक वाचायचा. डोळे मिटत होते आणि हात चालत होते. ती माळ तेवीस तारखेपासून सहा जानेवारीपर्यंत पुढच्या खोलीत टांगलेली होती. पपांनी आईला राख वाच म्हटलं, तेव्हा ती गॅली त्यांच्या डोक्यावरच लोंबत होती.

आईला माळ उतरवताना कळलं असणार. पट्टी बघून कुणाचं काम तेही कळलं असणार. जानेवारीत तिनं मला एकदा विचारलं होतं, “ती चिकटपट्टी ओढली की कागद फाटतो का ग?” मी म्हटलं, फाटतो, आणि दवाखान्याची वस्तू आहे, घरात वापरायची नसते. उगाच खेकसले होते. म्हणून तिनं पट्टी ओढलीच नाही, जोडावर कात्री चालवून टोकं तशीच ठेवली. दुपारच्या वेळी, पपा छापखान्यात आणि मी वॉर्डात असताना, एकेक पट्टी लावून बघत, ओठ हलवत बसली असेल. शेवटच्या पट्टीला गाठ मारून दोरा तोडलेला होता. घडी पेटीत सगळ्यात वर ठेवली, म्हणजे पुढच्या डिसेंबरला पेटी उघडली की आधी तीच निघेल. तोवर पपांचा राग निवेल आणि मला बोलणी बसणार नाहीत, असं तिनं धरलं असावं.

मी घडी परत घातली आणि माझ्या उशीखाली ठेवली. पपांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. स्वतःला समजावलं की ते आधीच इतके खचलेत, खोटा आळ घेतला हे कळलं तर उरलेले दोन घासही सुटतील. ते खरंही होतं. पण माझं नाव निघेल याची भीती त्याच्या जोडीला होती आणि ती मोठी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंडितबाई गव्हाण घेऊन गेल्या. संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या, वांग्याची भाजी केली आणि पपांचं ताट वाढून त्यांना पुढच्या खोलीत आणून बसवलं. भिंती उघड्या होत्या. मागच्या वर्षीचे माळांचे खिळे तेवढे दिसत होते. ते ताटाकडे बघत बसले.

“पेटीत आणखी काय होतं?” त्यांनी अचानक विचारलं.

“काही नाही. नेहमीचंच.”

“हं.” त्यांनी भिंतीतल्या खिळ्यांकडे बघितलं. “आजच्याच दिवशी भांडलो मी तिच्याशी.”

“पपा, जेवा आधी.”

“सांगायला काय झालं होतं मला? दोन वाक्यांचं काम. तीनदा विचारलं तिनं. एकदा तर पाठीला तेल लावता लावता विचारलं. मी म्हटलं, विषय काढू नकोस.” ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होते. “मग जानेवारीत तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, रुसली. म्हटलं, रुसू दे, पुढच्या नाताळात सांगू. शेवट न कळताच गेली ती, एस्तू. इतक्या वर्षांत मी तिला एवढी एकच गोष्ट अर्धी ठेवली.”

दहा महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. मला वाटलं होतं, ते आईसाठी झुरतायत. ते या एका गोष्टीपायी उपाशी राहत होते, आणि औषध माझ्या उशीखाली होतं.

“रुसली नव्हती ती,” मी म्हटलं.

मी उठले, घडी आणली आणि ताट बाजूला सारून त्यांच्यासमोर उलगडली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मग उठले, बिस्किटांच्या डब्यातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसून घातला आणि पुन्हा बसले. पहिल्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं.

“हे कुणी शिवलं?”

“आईनं.”

“आणि कापलं कुणी?”

“मी. झोपेत होते. चुकीच्या ढिगातली उचलली. ही पट्टी बघा ना, माझ्या दवाखान्यातली आहे.”

“तुला माहीत होतं?”

“काल कळलं. पेटी उघडली तेव्हा. काल सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.”

“आणि तिला?”

“तिला जानेवारीतच कळलं होतं. माझं नाव येऊ नये म्हणून बोलली नाही. तुमचा आळ तिनं माझ्यासाठी तसाच अंगावर ठेवला.”

पपांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील, आणि मनातून मला ते हवंही होतं. पण ते नुसते रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. मीही रडले, आणि रडतानासुद्धा उद्या सातला ड्यूटी आहे हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं, इतकी मी थकले होते.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढून कानावर ठेवली आणि अभ्रा दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला.

“म्हणजे शेवट वाचला तिनं,” ते म्हणाले.

“शेवटपर्यंत. गाठ मारलीये बघा.”

ते वाचायला लागले. आवाज आधी घोगरा होता, तिसऱ्या-चौथ्या पट्टीला मोकळा झाला. पहाटे रामजी पिशवी खांद्यावर घेतो, भागूची झोप मोडू नये म्हणून घुंगरू मुठीत धरतो, उंबरा ओलांडतो. भागू जागीच असते. घाटाच्या पहिल्या वळणावर तो मूठ सोडतो आणि घुंगरांचा आवाज तिला दुरून ऐकू येतो, मग दुसऱ्या वळणावर तोही येईनासा होतो.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कॅरलवाल्यांचं गाणं ऐकू आलं. पेटी, डफ आणि वीस-पंचवीस गळे. आमचं घर आलं तसं रीतीप्रमाणे सगळं थांबलं. नुसते पाय वाजत होते. त्या शांततेत पपांचा आवाज बाहेर गेला असावा, कारण पायही थांबले. कुणी हाक मारली नाही. पपा वाचत राहिले. थोड्या वेळानं पाय पुढे गेले आणि पलीकडच्या वळणावरून गाणं पुन्हा सुरू झालं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी जुळत नाहीये. पुढच्या पट्टीत संध्याकाळ झाली होती. भागूला घुंगरू ऐकू येतात, ती कडी काढते, रामजी पिशवी उतरवतो.

“पपा, हे आधीचं असणार,” मी म्हटलं. “तो संध्याकाळी येतो, आणि मग पहाटे जातो. तिथेच संपत असेल. आईनं खालच्या पट्ट्या वर लावल्यात.”

पपांनी कानावरची पेन्सिल हातात घेतली होती. मी आयुष्यभर पाहत आलेली सवय होती ती, चूक दिसली की हात आपोआप वर जायचा. मजकुराचा खरा क्रम आता जगात एकट्या त्यांनाच माहीत होता. पेन्सिल त्या पट्टीपाशी थांबली, कागदाला टेकली नाही, आणि परत कानावर गेली.

“कापणाऱ्यानं बोलायचं नसतं,” ते म्हणाले.

त्यांनी पुढे वाचलं. रामजी हातपाय धुतो. भागू चुलीपुढे बसते. भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणतो, आज घाटात गारवा होता. आईनं गाठ मारली होती ती याच ओळीखाली.

पपांनी अभ्रा मांडीवर ठेवला.

“भाकरी आहे का ग?”

“आहे. गार झालीये. थांबा, गरम करून आणते.”

मी स्वयंपाकघरात जाऊन तवा ठेवला. परत आले तेव्हा त्यांनी ताट पुढे ओढून घेतलं होतं. दीड भाकरी खाल्ली त्यांनी आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

पपा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर चोवीस डिसेंबरला तो अभ्रा निघायचा, आईच्या क्रमानं वाचला जायचा, आणि रामजी खरोखर परत येतो की नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता तो माझ्याकडे आहे.

त्या वर्षी नाताळच्या सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी मी घडी करायला म्हणून तो उचलला. मी भाकरी गरम करत होते तेव्हा पपांनी पेन्सिल पुन्हा काढली असावी. जिथून क्रम चुकला होता त्या पट्टीपासून आईच्या गाठीपर्यंत, प्रत्येक ओळीखाली बारीक ठिपके दिलेले होते.